नऊ युरोंचा उन्हाळा

कार्ल्सरूहमध्ये मी पहिली ट्राम पकडली ती भर बाजारात, मार्क्टप्लाट्झखालच्या भुयारी थांब्यावर. ट्राम म्हणजे गावातल्या गावात फिरणारी गाडी, एवढंच मला ठाऊक होतं. ती भुयारातून वर आली, रस्त्याच्या मधोमध धावली, सिग्नलला मोटारींच्या शेजारी थांबली. पुढे मात्र तिने रस्ता सोडला आणि ती थेट रेल्वेच्या रुळांवर गेली. घरं विरळ झाली, शेतं लागली, तरी ट्राम पळतच होती. ब्रेटेन नावाच्या गावी उतरायचं मी ठरवलं आणि दारासमोर जाऊन उभी राहिले. गाडी थांबली, पण दार उघडेना. तेवढ्यात मागून एका आजींचा हात आला, त्यांनी दारावरचं बटण दाबलं आणि दार सरकलं. कुणीतरी बटण दाबल्याशिवाय इथली दारं उघडत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

हे २०२२ सालचं. पुण्यात इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपवून मी एका उन्हाळी अभ्यासक्रमासाठी तिथे गेले होते. मी मूळची कर्जतची. बाबा रेल्वेत असल्यामुळे घरात गाड्यांचा विषय रोजचा. त्या रात्री फोनवर ट्रामची हकिगत सांगितली तर बाबांनी लगेच विचारलं, “रस्त्यावर आणि रेल्वेवर विजेचा दाब एकच कसा असेल गं?” मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारल्यावर उलगडा झाला. गावात ७५० व्होल्ट डीसी, रेल्वेच्या तारेवर १५,००० व्होल्ट एसी. दोन्हींच्या मधे तारेचा थोडा भाग बिनविजेचा ठेवलेला असतो. त्यावरून गाडी आपल्या वेगाने घरंगळत जाते आणि पलीकडे दुसरी वीज घेते. ही सोय १९९२ साली सुरू झाली, आणि तिचा पहिला मार्ग होता कार्ल्सरूह ते ब्रेटेन. पुढे इतर शहरांनी ती उचलली ती ‘कार्ल्सरूह मॉडेल’ या नावाने. मी अजाणता नेमक्या त्याच वाटेने गेले होते.

त्या उन्हाळ्यात जर्मन सरकारने एक विलक्षण तिकीट काढलं. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर इंधन आणि वीज महागली होती. लोकांना दिलासा म्हणून जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांसाठी महिन्याला नऊ युरोंत देशभर कुठेही फिरा, असं ते तिकीट. सुमारे ५ कोटी २० लाख तिकिटं विकली गेली. मला वाटलं, आता म्युनिक, बर्लिन, हाम्बुर्ग सगळं पालथं घालायचं. वसतिगृहातल्या एका मुलीने मला समोर बसवून समजावलं. हे तिकीट ट्राम, बस आणि सावकाश जाणाऱ्या प्रादेशिक गाड्यांना चालतं. त्यांची नावं ‘आरई’, ‘आरबी’ किंवा नुसतं ‘एस’. ‘आयसीई’ आणि ‘आयसी’ या वेगवान गाड्यांत ते चालत नाही, आणि वैध तिकिटाशिवाय सापडलं तर साठ युरो दंड. मग तिने माझं तिकीट उलटसुलट पाहिलं आणि पेन पुढे केलं. तिकिटावर नाव लिहायची जागा मी कोरीच ठेवली होती, आणि नावाशिवाय ते तिकीट वैध नव्हतं.

पहिल्या शनिवारी मी मुख्य स्थानकावर पोहोचले आणि गोंधळले. आत जायला दरवाजा नाही, तिकीट तपासणारा नाही, सरळ फलाटावर जाता येतं. कोणती गाडी कुठून सुटते हे विचारायला खिडकीसमोर रांगेत उभी राहिले, तेव्हा भिंतीवरच्या काचेतले दोन मोठे कागद दिसले, एक पिवळा आणि एक पांढरा. पिवळ्यावर सुटणाऱ्या गाड्या, पांढऱ्यावर येणाऱ्या. मी बराच वेळ त्यात गावाचं नाव शोधत राहिले. गावं अकारविल्हे लावलेली नव्हतीच. सगळा कागद घड्याळाप्रमाणे लावलेला होता. आधी तास, मग मिनिट, मग गाडी, वाटेतली मोठी स्थानकं आणि शेवटी फलाट. काही गाड्यांसमोर एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे होते, काहींसमोर क्रूस. तळाशी बारीक अक्षरांत खुलासा होता: हातोडे म्हणजे कामाचा दिवस, क्रूस म्हणजे रविवार आणि सण. आणि शनिवार? शनिवार हातोड्यांत मोडतो. वेळापत्रकाच्या हिशेबाने माझ्या सुट्टीचा अर्धा भाग कामाच्या दिवसात होता.

तो पेंटेकॉस्टचा, म्हणजे तिथल्या मोठ्या सणाचा शनिवार-रविवार होता, सोमवारीही सुट्टी. नऊ युरोंचं तिकीट निघाल्यानंतरची ही पहिलीच सुट्टी. कोन्स्टान्झला जाणारी गाडी आली तेव्हा फलाटावर सायकली, बाबागाड्या, पाठपिशव्या आणि माणसं यांची एकच दाटी झाली. मी लोकलच्या गर्दीत वाढलेली, तरी माझा पाय पुढे पडेना. इथे रेटून चढतात का, आधी कुणाला जाऊ देतात, काहीच माहीत नव्हतं. गाडी माझ्याशिवाय गेली. शेजारच्या बाकावर एक आजोबा शांतपणे पेपर वाचत बसले होते. मी त्यांना मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, “पुढची कधी?” ते म्हणाले, “याच मिनिटाला, एका तासाने.” पुन्हा पिवळ्या कागदाकडे गेले. खरंच की! ८, ९, १०, ११, दर तासाच्या रकान्यात तीच गाडी, तेच मिनिट. एक मिनिट लक्षात ठेवलं की दिवसभराचं वेळापत्रक पाठ. त्या दिवसापासून धावत सुटणं मी बंद केलं.

रविवारचा धडा मात्र पोटातून मिळाला. फिरून संध्याकाळी परतले तेव्हा खोलीत तांदूळ नव्हता, पोळ्यांना पीठ नव्हतं, आणि रस्त्यावरची सगळी दुकानं बंद. मला वाटलं, सणामुळे असावं. वसतिगृहातल्या त्याच मुलीने मला स्थानकावर नेलं, कारण रविवारी चालू असणारी दुकानं बहुतेक तिथेच. वाटेत तिने सांगितलं की रविवारची विश्रांती जर्मनीच्या राज्यघटनेनेच राखून ठेवली आहे. बर्लिनने नाताळआधीच्या चारही रविवारी दुकानं उघडायला परवानगी दिली होती, आणि चर्चच्या तक्रारीवरून घटना न्यायालयाने २००९ मध्ये ती अमान्य ठरवली. ते न्यायालय कार्ल्सरूहमध्येच आहे, राजवाड्याच्या बागेला लागून. मी रोज त्याच्यावरून कॉलेजला जात होते. शनिवारी संध्याकाळी किराणा भरायचा, हा माझा नियम झाला.

त्याच फेरीत बाटल्यांचा हिशेबही समजला. पाण्याची बाटली माझ्या अंदाजापेक्षा महाग पडायची. पावतीवर पंचवीस सेंटची वेगळी ओळ असायची, तिचा अर्थ लागायचा नाही. ती अनामत होती. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पैसे परत मिळतात. मी तोवर बाटल्या कचऱ्यात टाकत आले होते. मग पाहिलं, लोक रिकाम्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात न टाकता डब्याच्या कडेला उभ्या ठेवतात. का, तर ज्यांना त्या पंचवीस सेंटची गरज आहे त्यांना कचऱ्यात हात घालावा लागू नये. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. हे फक्त बघून शिकायचं होतं.

जूनच्या उत्तरार्धात गर्दी थोडी सरली आणि मी काळ्या जंगलाच्या रेल्वेने निघाले. ऑफेनबुर्गपर्यंत मैदान, मग दरी अरुंद होत जाते आणि होर्नबेर्गनंतर गाडी डोंगरात शिरते. एका बोगद्यातून बाहेर पडले की खाली रूळ दिसायचे. मला वाटायचं, ही दुसरी लाइन असेल. पुढच्या वळणावर लक्षात आलं की आपणच मघाशी तिथून गेलो. होर्नबेर्ग ते सांक्ट गेओर्गेन हे सरळ रेषेतलं अंतर सुमारे ११ किलोमीटर, पण रूळ २६ किलोमीटरचे. चढ सौम्य राहावा म्हणून रूळच मुद्दाम लांबवले आहेत, डोंगराच्या कुशीत मोठाले वळसे घालून. हा मार्ग १८७३ साली पूर्ण झाला. बांधणारा इंजिनिअर रोबर्ट गेर्विग कार्ल्सरूहचाच, आणि मी शिकत होते त्याच संस्थेच्या जुन्या रूपात, पॉलिटेक्निकात शिकलेला.

ट्रीबेर्गला उतरून मी बाबांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न: “चढ किती?” मी शोधून सांगितलं, पन्नासात एक. म्हणजे पन्नास मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. बाबा म्हणाले, “आपला बोरघाट सदतिसात एक. म्हणून तर कर्जतला मागून बँकर लावावे लागतात.” बँकर म्हणजे गाडीला मागून ढकलणारी इंजिनं. मी लहानपणापासून ती पाहिली होती. गाडी कर्जतला थांबते ती वडापावसाठी नाही, इंजिनं जोडण्यासाठी, हेही माहीत होतं. पण का जोडतात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हा वर चढायला गाडी एका जागी थांबून उलट दिशेने निघत असे. ती उलटी वाट १९२९ मध्ये बंद झाली. गेर्विगने उलटी वाट टाळण्यासाठी वळसे घेतले. घाट चढायच्या दोन तऱ्हा एकमेकींशेजारी ठेवून मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि घरच्या घाटाचं गणित मला समजलं ते काळ्या जंगलातल्या एका फलाटावर.

त्याच गाडीने पुढच्या खेपेला शेवटपर्यंत गेले, कोन्स्टान्झला. गावातून चालत चालत तळ्याकाठी निघाले तर वाटेत उंच लाल शिल्पांची एक ओळ लागली. मी फोटो काढत त्यांच्या पलीकडे गेले, तोच फोन वाजला: स्वित्झर्लंडमध्ये स्वागत आहे, अमुक दराने पैसे लागतील. पूर्वी इथे कुंपण होतं. ते काढल्यावर २००७ मध्ये सीमारेषेवर ही बावीस शिल्पं उभारली, योहानेस ड्योर्फलिंगर या चित्रकाराने. युरोपीय संघात फोनचा जादा आकार २०१७ पासून नाही, पण स्वित्झर्लंड संघात नाही. व्हिसा चालतो, फोनची सवलत चालत नाही, युरो हे तिथलं चलन नाही. तीन गोष्टींच्या तीन वेगळ्या सीमा आहेत, आणि मी त्या एकच धरल्या होत्या. त्याहून नवल म्हणजे समोरच्या मोठ्या तळ्यात सीमा कुठून जाते हे जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांनी आजवर करार करून ठरवलेलंच नाही. जमिनीवर शिल्पांनी आखलेली रेघ तळ्याच्या मोठ्या भागावर अनिर्णित आहे, आणि तिन्ही देशांच्या बोटी तिथे ये-जा करतात.

१० जुलैला आषाढी एकादशी होती. दोन वर्षांच्या खंडानंतर त्या वर्षी पायी वारी निघाली होती. आईने सकाळीच पंढरपूरचे फोटो पाठवले. मी त्या रविवारी मुद्दाम हायडेलबेर्गला गेले. तिथल्या विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोन्थायमर शिकवत असत, हे मला पुण्यातल्या एका सरांनी सांगितलं होतं. खंडोबा, बिरोबा आणि धनगरांवर त्यांनी आयुष्य घालवलं, पंढरीच्या वारीवर चित्रपटही केला. १९९२ साली ते गेले. संस्था बेर्गहाइम भागात आहे, स्थानकापासून चालत जाण्याजोगी. मी पोहोचले तर दार बंद. रविवारी विद्यापीठही बंद असणार, हे शिकून मला काही आठवडे झाले होते आणि तरी मी गेले होते. पण त्या दारापुढे एक वेगळा विचार मनात आला. सोन्थायमर महाराष्ट्रात आले तेव्हा नवखे ते होते. धनगरांच्या वाड्यावर जायला वेळापत्रक नाही, फलाटाचा नंबर नाही. कळपासोबत चालायचं, विचारायचं, जेवायला बसवलं तर बसायचं, भाषा येईपर्यंत ऐकत राहायचं. मला जे पाटीवर वाचता येत होतं, ते त्यांना माणसांकडून शिकावं लागलं होतं. मग मी नेकार नदीच्या काठाने वर पडक्या किल्ल्याकडे चालत गेले. त्या दिवशी प्रत्येक वळणावर पाटी न वाचता माणसाला विचारायचं ठरवलं. माझं जर्मन त्या एका दुपारी जेवढं पुढे सरकलं तेवढं वर्गात सरकलं नव्हतं.

स्ट्रासबुर्ग मी शेवटी ठेवलं होतं, कारण ते परदेशातलं परदेश वाटत होतं. जर्मन बाजूच्या केल गावापर्यंत नऊ युरोंच्या तिकिटावर गेले, आणि ऱ्हाइनवरच्या पादचारी पुलाकडे चालू लागले. पासपोर्ट हाताशी ठेवला होता. पूल २००४ मध्ये बांधलेला, दोन्ही काठांवर एकच बाग. पुलाच्या मध्यावर मुलं बसली होती. कुणी काही विचारलं नाही, आणि मी फ्रान्समध्ये होते. याच शहराचा देश १८७० पासून पुढच्या पाऊणशे वर्षांत चार वेळा बदलला: जर्मनी, फ्रान्स, पुन्हा जर्मनी, पुन्हा फ्रान्स. मी ज्या सहजतेने चालत गेले ती सहजता आपोआप आलेली नाही. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ मोझेल नदीत एका बोटीवर पाच देशांनी करार केला, आणि तो प्रत्यक्ष अमलात यायला १९९५ साल उजाडलं. माझ्या व्हिसावरचं ते नाव मी अर्ज भरताना कित्येकदा लिहिलं होतं, आणि ते एका गावाचं नाव आहे हे मला ठाऊक नव्हतं.

पलीकडे ट्रामचा थांबा होता. जर्मनीत सगळं जमलं, आता इथेही जमेल, या भरवशावर मी यंत्रातून तिकीट काढलं आणि गाडीची वाट पाहत उभी राहिले. एक शाळकरी मुलगा माझ्या हातातलं तिकीट पाहून थांबला. त्याने फलाटावरच्या दुसऱ्या छोट्या यंत्राकडे बोट दाखवलं. तिकीट काढणं पुरेसं नव्हतं, चढण्याआधी ते तिथे वैध करून घ्यायचं होतं. तोवर मी ज्याला ‘युरोपातली पद्धत’ म्हणत होते ती एका देशातली पद्धत होती. त्याच संध्याकाळी दोन्ही देशांना जोडणाऱ्या ट्रामने मी नदी ओलांडून केलला परतले. ही ट्राम २०१७ पासून सुरू आहे.

ऑगस्ट संपला तेव्हा ते तिकीटही संपलं. पण त्याची मागणी एवढी झाली की १ मे २०२३ पासून त्याच धर्तीचं कायमचं तिकीट आलं, सुरुवातीला महिना ४९ युरो, २०२५ मध्ये ५८. कॉलेजातली मुलं आता तिकडे जायची असली की मला विचारतात, कोणती शहरं पाहू. मी शहरांची यादी देत नाही. पहिल्या शनिवारी आपल्याच गावातल्या ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत जा, म्हणते. पिवळा कागद वाचायला शिका. शनिवारी किराणा भरा, पासपोर्ट जवळ ठेवा, आणि एका वेळी एकच दरी किंवा एकच गाव बघा. सावकाश गाडीच्या खिडकीतून नीट बघता येतं आणि ती बऱ्याच स्थानकांवर थांबते, म्हणून चुकलं तर परतही येता येतं.

आणखी एक गोष्ट मी सांगते, ती मला मनापासून वाटते. त्या उन्हाळ्यात मी एकटी फिरले, भाषा नीट न येता फिरले, आणि घरचे त्याला धाडस म्हणाले. माझं धाडस त्यात थोडंच होतं. गाडी कधी, कुठून, कोणत्या वारी सुटेल हे कुणीतरी आधी बसून लिहिलं होतं, अनोळखी माणसाला कळावं म्हणून. जिथे लिहिलेलं अपुरं पडलं तिथे कुणीतरी बटण दाबलं, पेन पुढे केलं, यंत्राकडे बोट दाखवलं. परत आल्यावर मी स्वारगेटला नव्या माणसाच्या नजरेने उभी राहून पाहिलं. भोरची एसटी कोणत्या फलाटावर लागते हे तिथे रोज जाणाऱ्याला पाठ असतं. पण पाटी रोजच्या माणसासाठी नसतेच. गावाहून पहिल्यांदा आलेल्या बाईला, मराठी न वाचता येणाऱ्या मजुराला, परगावी परीक्षेला निघालेल्या मुलीला ती हवी असते. आपण रेल्वे, एसटी, दवाखाना, सरकारी कचेरी जे काही चालवू, त्याची पाटी लिहिताना या तिघांना डोळ्यांसमोर ठेवावं, आणि ती वाचता येत नसेल त्याच्यासाठी एक माणूस जवळ उभा असावा. एवढं झालं तर कितीतरी माणसं एकटी घराबाहेर पडतील, आणि त्यांना कुणी धाडसी म्हणायची गरज उरणार नाही.